एक हाय, एक लो

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझं लेथचं आणि बोअरिंगचं, म्हणजे सिलिंडर आतून कातायचं, दुकान आहे. बहुतेक काम टॉवेलच्या लूमचं: शाफ्ट, बुश, झिजलेले गिअर. मोटारसायकलचे सिलिंडर ब्लॉक अधूनमधून येतात. मागच्या उन्हाळ्यात एक पोरगं राजदूत ३५० चे दोन्ही ब्लॉक पोत्यात गुंडाळून घेऊन आलं.

"काका, बोअर मारून द्या. वडिलांची गाडी आहे. उजवा प्लग पांढरा, डावा काळा. चार मिस्त्री झाले, कार्बोरेटर जुळवून जुळवून थकले."

मोबाईलवर यामाहा आरडी ३५० चं अमेरिकेतलं मॅन्युअल होतं. त्यात ३९ हॉर्सपॉवर, म्हणून त्यालाही तेवढीच पाहिजे! म्हटलं, बाळा, ती गाडी वेगळी. सांगाडा तोच, ३४७ सीसी, ६४ मिलिमीटरचा बोअर, ५४ चा स्ट्रोक. पण १९८३ साली एस्कॉर्ट्सनं ती राजदूत नावानं इथं काढली तेव्हा ताकद साडेतीसवर आणली, पुढची डिस्क जाऊन ड्रम आला. तरी पेट्रोल पिते ही ओरड होतीच. आपल्याकडं पहिला प्रश्न ॲव्हरेजचा. म्हणून पुढं २७ हॉर्सपॉवरचं 'लो टॉर्क' आलं आणि आधीच्याला लोक 'हाय टॉर्क' म्हणू लागले.

बोलता बोलता ब्लॉक उलटा केला आणि थांबलो. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनच वर-खाली होताना सिलिंडरच्या भिंतीतली भोकं, म्हणजे पोर्ट, उघडतो-मिटतो. एक्झॉस्ट पोर्टची वरची कड जितकी उंच, तितका धूर लवकर सुटणार. डाव्या ब्लॉकमधली ही कड मला खाली वाटत होती.

बोअरच्या आत साधा कागद गुंडाळून बसवला, पेन्सिल आडवी धरून घासली. पोर्टचा ठसा उमटला. दुसऱ्या ब्लॉकचाही घेतला. दोन्ही कागद वरच्या कडा जुळवून खिडकीच्या काचेवर धरले. एक्झॉस्टच्या रेघा एकमेकींवर बसेनात.

"एक हाय, एक लो," मी म्हटलं. पोराला आठवलं: पूर्वी उजवी बाजू सीझ झाली तेव्हा वडिलांनी जुन्या बाजारातून ब्लॉक घेतला होता. गाडी मुळात लो, तो ब्लॉक हायचा. म्हणून उजवीकडं पेट्रोल कमी पडून प्लग पांढरा पडायचा, आणि मिस्त्री दोन्हीकडचे जेट (कार्बोरेटरमधली पेट्रोलची भोकं) वाढवत गेले, तर डावीकडं पेट्रोल जास्त होऊन प्लग काळा झाला. त्यांना दोष तरी काय द्यायचा? बाहेरून दोन्ही ब्लॉक सारखेच दिसतात.

"मग डावा घासून उजव्यासारखा करा की."

करता आलं असतं. पण घासलेलं लोखंड परत चढत नाही, आणि सायलेन्सर लोचेच होते. मी बोअर मारायला नकार दिला. गिऱ्हाईक परत पाठवायला जिवावर येतं, खोटं कशाला सांगू!

तीन आठवड्यांनी हुबळीहून लोचा ब्लॉक मिळवून आला. दोन्ही एकाच ओव्हरसाइझला, म्हणजे मूळ मापाच्या थोडं वर, मारले, होनिंग करून आतून घोटले. हायचा ब्लॉक न्यायला मात्र तो तयार नव्हता.

"ठेवा काका. याचा जोडीदार सापडला तर फोन करा."

अजून रॅकवर आहे, लूमच्या बुशांशेजारी.