"सगळी हसूलालेत मला" : दहा आठवडे लिहिलेल्या वहीचा माझा अनुभव

"वाईट विचार झटकून टाक" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. झटकायला गेलं की तोच विचार दुप्पट जोरानं परत येतो, हे ज्याला त्रास आहे त्याला बरोबर ठाऊक असतं. मला उपयोग झाला तो विचार कागदावर उतरवून तपासण्याचा. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी 1960च्या दशकात ही पद्धत बसवली. प्रसंग घडतो आणि मन खट्टू होतं, या दोन्हींच्या मधे एक वाक्य क्षणात चमकून जातं. आपलं लक्ष नसतं, पण पुढचा सगळा दिवस त्या वाक्यावर चालतो. ते वाक्य पकडायचं, एवढंच काम.

शंभर पानी वही घ्यायची. समोरासमोरची दोन पानं मिळून पाच रकाने आखायचे. पहिल्यात वेळ आणि प्रसंग, दुसऱ्यात मनात आलेलं वाक्य आणि त्या क्षणी ते किती टक्के खरं वाटलं तो आकडा, तिसऱ्यात भावना एका शब्दात आणि तिचा जोर 0 ते 100, चौथ्यात त्या वाक्याच्या बाजूचे व विरुद्धचे पुरावे, पाचव्यात सगळं तोलून बनलेलं नवं वाक्य आणि पहिलं वाक्य आता किती टक्के पटतं तो आकडा. रोज एकच नोंद पुरे. पहिले तीन रकाने शक्यतो तासाभरात भरावेत, नाहीतर मन ते वाक्य गुळगुळीत करून टाकतं. उरलेले दोन संध्याकाळी, डोकं थंड झाल्यावर.

माझे पहिले तीन आठवडे वाया गेले, कारण मी शाळेतल्या निबंधासारखं लिहीत होतो. "लोक माझी चेष्टा करत आहेत असे मला वाटते." हे वाक्य माझ्या मनात कधी आलंच नव्हतं. आलं होतं ते "सगळी हसूलालेत मला". पहिलं वाचून काही होत नाही, दुसरं वाचलं की पोटात गोळा येतो. हीच कसोटी धरावी. वाचून अंगात काही हललं नाही, तर खरं वाक्य अजून सापडलेलं नाही. आपल्या सीमाभागात हा घोटाळा जास्त होतो. घरात बेळगावी मराठी, वर्गात पुस्तकी मराठी, कचेरीत आणि दवाखान्यात कन्नड. मन कुठल्या भाषेत बोलतंय ते पाहायचं आणि तसंच उतरवायचं. स्वतःला दिलेली शिवी कन्नडमधून येत असेल तर ती कन्नडच लिहायची. वही कुणाला दाखवायची नसते.

मी मागावर साड्या विणतो. चौथ्या आठवड्यातली एक नोंद इथं देतो. प्रसंग: बुधवार, दुपारी 4, व्यापाऱ्यानं 2 साड्या परत पाठवल्या, विणीत पट्टा पडलेला. वाक्य: "माझ्यानं ह्यो धंदा व्हायचा न्हाई", 90 टक्के. भावना: लाज, 80. बाजूचे पुरावे: पट्टा खरंच पडलाय, माझं लक्ष नव्हतं. विरुद्धचे: महिन्यात दिलेल्या 46पैकी 44 साड्या गेल्या, त्याच व्यापाऱ्यानं त्याच दिवशी पुढची मागणी दिली, पट्टा पडला त्या दिवशी झोप चार तास झाली होती. नवं वाक्य: "दोन साड्यांचं नुकसान माझ्या चुकीनं झालं. झोप नसली की मागावर लक्ष राहत नाही." पहिलं वाक्य आता 55 टक्के, लाज 45.

पंचावन्नच का, शून्य का नाही? शून्य व्हायला नकोच आहे. 90चा 55 झाला की माणूस उठून दुसऱ्या दिवशी माग सुरू करतो. वाक्याच्या बाजूचे पुरावेही प्रामाणिकपणे लिहावे लागतात. ते गाळले तर मन म्हणतं, तू स्वतःची समजूत काढतोयस, आणि आकडा हलत नाही. "सगळं छान होईल" असलं गोड वाक्य पाचव्या रकान्यात लिहिणाऱ्यांचं नेमकं हेच होतं.

आणखी दोन चुका नेहमीच्या. एक, दुसऱ्या रकान्यात "वाईट वाटलं" लिहिणं. ती भावना झाली, तिची जागा तिसऱ्या रकान्यात. दुसरी, प्रश्न लिहिणं. "माझं काय होणार?" याचा पुरावा गोळा करता येत नाही. प्रश्नामागं दडलेलं उत्तर लिहावं: "माझं वाटोळं होणार." त्याला मात्र पुरावा मागता येतो. समोरच्याच्या मनातलं आपणच ठरवणं, एका चुकीवरून सगळं आयुष्य मोजणं, राईचा पर्वत, "मला जमायलाच पाहिजे"मधला तो "च", या खोडी पंधरा-वीस नोंदींनंतर आपल्या आपण ओळखू येतात.

वही अंथरुणात नेऊ नये. रात्री दोनला लिहिणं म्हणजे रवंथ. मी संध्याकाळी 6.30 ते 6.45 ही वेळ काळजीसाठी राखून ठेवली. दिवसभरात विचार आला की एक शब्द टिपायचा आणि त्याला साडेसहाची वेळ द्यायची. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं, डोळे जड झाले की परत यायचं, आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी उठायची वेळ तीच. झोपेसाठी दारू घेणारे बरेच आहेत. दारूनं डोळा लागतो, पण झोप मधेच तुटते आणि दुसऱ्या दिवशी मन आणखी खाली जातं.

नुसत्या लिहिण्यानं भागत नाही. मन खचलं की माणूस बाहेर जाणं, भेटणं, काम करणं बंद करतो आणि मग बरं वाटण्याचे रस्तेच बुजतात. म्हणून हुरूप येण्याची वाट न बघता छोटं काम वेळ लावून करायचं. मी रोज दोन कामं लिहायचो, एक आवडीचं, एक पार पाडायचं, आणि झाल्यावर दोन्हींना 0 ते 10 गुण. बेळगावच्या किल्ला तलावाला फेरी, सकाळी 7, पाच गुण. वीजबिल भरणं, सहा. पावसाळ्यात हे मोडतं. खानापूरकडं तर जून ते सप्टेंबर फिरणं सुटतंच. तेव्हा पावसाच्या दिवसाचं काम आधीच ठरवून ठेवावं.

डॉक्टर कधी? दोन आठवडे रोजच उदास वाटत असेल, कशातच मन लागत नसेल, तर थांबू नये. दवाखान्यात नऊ प्रश्नांचा एक तक्ता भरून घेतात, प्रत्येकाला 0 ते 3, एकूण 27. दहा किंवा जास्त आले तर नीट तपासणी हवीच. नववा प्रश्न जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचाराचा. तिथं शून्याशिवाय काहीही आलं तर बेरीज बघत बसू नये, त्याच दिवशी कुणाला तरी सांगावं. 14416 हा टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाईनचा, मोफत नंबर चोवीस तास चालतो. मराठी हवी असेल तर सुरुवातीलाच मागावी. कर्नाटकात तालुका इस्पितळांत मनोचैतन्य योजनेतून मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञ येतात. आपल्या इस्पितळात कुठल्या मंगळवारी येतात ते आधी विचारून जावं. मोठ्या तपासणीसाठी धारवाडची मानसिक आरोग्य संस्था आहेच.

डॉक्टर कन्नड बोलणारे असतील तर एक शब्द जपून वापरावा: बेजार. आपण त्रासून, थकून गेलो की बेजार म्हणतो. कन्नडमधला "बेजारु" दुःखालाही लागतो आणि नुसत्या कंटाळ्यालाही. त्यापेक्षा झोप किती तास, जेवण किती, रडू किती वेळा, काम किती दिवस बंद, असे आकडे सांगावेत. वहीतली तीन पानं सोबत असली तर आणखी बरं. थायरॉईड, बी-12 आणि हिमोग्लोबिन तपासायचं का, हेही विचारावं. यात बिघाड असला तरी मन असंच खचतं.

गोळी दिली तर पहिला आठवडा सर्वात अवघड. मळमळ होते, पोट बिघडतं, फायदा काहीच दिसत नाही. उदासीवरच्या गोळ्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. बरेच लोक गुण दिसायच्या आधीच सोडतात, किंवा बरं वाटलं की लगेच. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने ती चालू ठेवायला सांगतात, आणि थांबवायची तर डॉक्टरच हळूहळू कमी करतात. एकदम सोडली तर चक्कर येते, डोक्यात करंट लागल्यासारखं होतं. शेजाऱ्याची झोपेची गोळी मागून घेऊ नये; तिची सवय लागते.

दहाव्या आठवड्यानंतर मी रोज लिहीत नाही. सलग तीन दिवस फोन उचलावासा वाटला नाही, की वही काढतो आणि त्या दिवशीचं वाक्य जसं येईल तसं लिहितो.