इवामी गिन्झान: चांदीच्या खाणीपासून बंदरापर्यंत

इवामी गिन्झानला जाऊन आलेल्यांची एक ठरलेली तक्रार असते: "इतक्या लांब गेलो आणि बघायला एक बोगदा!" जपानच्या शिमाने प्रांतातल्या या चांदीच्या खाणीचं नाव २००७ साली जागतिक वारसा यादीत आलं. त्याआधी सल्लागार तज्ज्ञांनीही निर्णय पुढे ढकलावा असंच सुचवलं होतं. इथे ना किल्ला, ना सोन्याचा मुलामा दिलेलं मंदिर. जे आहे ते खाण, भट्ट्या, कचेरीचं गाव, डोंगरातली वाट आणि बंदर अशा साखळीत आहे. एकच कडी बघून परतलात तर तक्रार करणारच.

ही साखळी चालायला लागली ती एका भट्टीमुळे. १५२७च्या सुमारास हाकाताचा व्यापारी कामिया जुतेई याने इथे खाणकाम सुरू केलं, पण सुरुवातीला खनिज गाळण्यासाठी बाहेर पाठवावं लागे. १५३३ मध्ये कोरियाकडून 'हाइफुकी' ही पद्धत आली आणि चांदी जागेवरच निघू लागली. खनिज कुटून पाण्यात धुवायचं, जड भाग वेगळा काढायचा आणि शिशाबरोबर वितळवायचा. चांदी शिशात उतरते. मग हे मिश्रण राखेच्या थरावर ठेवून भात्याने हवा मारत तापवायचं. शिशाचं ऑक्साइड होऊन राखेत जिरतं आणि वर चांदीचा गोळा उरतो. राख ओलसर राहिली तर धातू उडून बाहेर सांडतो. आच कमी पडली तर शिसं मध्येच थिजतं आणि चांदी मिसळलेलीच राहते. शिशाची वाफ मात्र कामगारांच्या छातीत जाई. खाली बोगद्यात दगडाची धूळ होतीच. तिशी गाठलेल्या खाणकामगाराचा आपल्याकडच्या साठीशांतीसारखा सोहळा करत, असं इथे सांगतात. १८५०च्या दशकात धुळीसाठी मुखवटा आला: तारेची चौकट, त्यावर पातळ रेशीम आणि रेशमाला उमे फळाचा गर फासलेला.

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज जहाजं गोव्याहून मलाक्का आणि मकाऊमार्गे नागासाकीला जात. चिनी रेशीम द्यायचं आणि जपानी चांदी घ्यायची, असा तो व्यापार. गोव्यात जन्मलेला नकाशाकार फर्नाव वाझ दोरादो याने १५६८ साली गोव्यातच केलेल्या नकाशासंग्रहात जपानवर 'चांदीच्या खाणी' अशी नोंद आहे. टोकियो-क्योतोच्या सहलीत ही बाजू कुठेच भेटत नाही.

आता प्रत्यक्ष जायचं कसं ते. सान-इन मुख्य मार्गावरच्या ओदाशी स्टेशनला उतरायचं. इझुमोशीहून एक्स्प्रेसने अर्ध्या तासाच्या आत पोचता. टोकियोहून रात्रीची 'सनराइज इझुमो' थेट इझुमोशीपर्यंत येते, पण तिची तिकिटं महिनाभर आधी, जपानी वेळेनुसार सकाळी दहाला उघडतात आणि झपाट्याने संपतात. ओदाशीहून बसने ओमोरीला, म्हणजे खाणीच्या कचेरीच्या गावाला, साधारण अर्धा तास लागतो. थांबे नीट लक्षात ठेवा: गावासाठी 'ओमोरी दाइकानशो-आतो', खाणीच्या वाटेसाठी 'ओमोरी'. वारसा केंद्र गावापासून दूर आहे. ते आधी बघणं उत्तम, कारण तिथली प्रतिकृती पाहिल्याशिवाय डोंगरातल्या भोकांचा एकमेकांशी संबंध कळत नाही.

खाणीच्या बाजूला बस जात नाही. ओमोरी थांब्यापासून र्युगेंजी बोगदा २.३ किलोमीटर, सगळा चढ. पाऊण ते एक तास धरा, किंवा बॅटरीची सायकल भाड्याने घ्या. चालत गेलात तर वाटेत शिमिझुदानी भट्टीचे दगडी टप्पे लागतात: १८९५ साली मोठ्या भांडवलाने उभी केलेली ही भट्टी जेमतेम दीड वर्षात बंद पडली. सायकलवाले हे हमखास चुकवतात.

र्युगेंजी हा १७१५ सालचा बोगदा. बाजूंना जाणाऱ्या अरुंद फाट्यांकडे लक्ष द्या. चांदीची शीर जिकडे वळली, तिकडे माणूस आडवा होऊन खणत गेला. उजेडासाठी साझाए या समुद्री शंखात तेल घालून वात लावत. आत उन्हाळ्यातही गारठा असतो. सर्वांत मोठा ओकुबो बोगदा मात्र मार्गदर्शकासोबतच बघता येतो, तेही साधारण मार्च ते नोव्हेंबर, आठवड्याच्या शेवटी आणि आगाऊ नोंदणी करून. दोन्हींतला एकच जमणार असेल तर ओकुबो निवडा.

ओमोरी गाव म्हणजे एक लांब गल्ली, लाल कौलांची. ही सेकिशू कौलं फार जास्त आचेवर भाजतात, म्हणून बर्फाने फुटत नाहीत. राकानजी या बौद्ध देवळात ५०१ दगडी मूर्ती आहेत; १७६६ मध्ये काम पुरं झालं. इदो देवळात १७३१ साली आलेल्या कारभाऱ्याची पूजा होते. त्याने, म्हणजे इदो हेइझाएमोनने, पुढच्या वर्षीच्या दुष्काळात सरकारी कोठारं उघडली आणि सात्सुमाहून रताळी आणवली. लोक त्याला अजून 'रताळं कारभारी' म्हणतात, आणि तेही आदराने.

मुक्काम ओमोरीपेक्षा युनोत्सु या गरम झऱ्यांच्या बंदरगावी करा. चांदी समुद्रावर नेणारी जुनी वाट सुमारे १२ किलोमीटरची, इथेच उतरते. शेजारच्या ओकिदोमारी खाडीत दोर बांधायला खडकात भोकं पाडली आहेत, बैलाच्या नाकात वेसणीसाठी पाडतात तशी. पुढे तोकुगावा शोगुनांच्या (लष्करी राज्यकर्त्यांच्या) काळात चांदी या बंदरातून जाईना, कारण हिवाळ्यात जपानचा समुद्र खवळतो. मग डोंगर ओलांडून ती सेतो समुद्रावरच्या ओनोमिचीला जाऊ लागली. युनोत्सुतलं 'मोतोयु' स्नानगृह जुनं. 'याकुशियु'चा झरा १८७२च्या भूकंपानंतर फुटला. पाणी कडकडीत असतं, तेव्हा आधी पायांवर, मग खांद्यांवर ओता आणि दोन-तीन मिनिटांत बाहेर या. सुटी नाणी जवळ ठेवा. शनिवारी रात्री बहुधा देवळात इवामी कागुरा (मुखवटे घालून केलेलं नृत्यनाट्य) असतो; शक्य असेल तर मुक्काम शनिवारीच ठेवा.

शाकाहारींनी इथे सावध राहावं. सोबाच्या (बकव्हीटच्या शेवयांच्या) रश्शातच नव्हे, बुडवून खायच्या चटणीतही माशाची दाशी (उकळून काढलेला अर्क) असते आणि "मांस नको" म्हटल्यावर ती सुटत नाही. नोंदणी करतानाच दाशीचं नाव घेऊन सांगा, किंवा जेवणाशिवाय खोली घ्या (तिला 'सुदोमारी' म्हणतात) आणि सामान ओदाशी स्टेशनच्या गावातच भरून न्या. युनोत्सुत संध्याकाळनंतर दुकानं मिळत नाहीत. छत्री मात्र ऊन असलं तरी घ्या. डबा विसरला तरी चालेल, छत्री विसरू नका, असं सान-इनमधलेच (जपानच्या समुद्राकाठच्या या पट्ट्यातले) लोक म्हणतात. गाड्या विरळ आहेत, म्हणून परतीची वेळ ओदाशीला उतरताच टिपून घ्या.