तुम्ही विचारलेत म्हणून : चांदीला डाख देणे घरी शिकता येते का?

बोटातली अंगठी मी घरीच घडवली आहे असे कळले की ओळखीतली माणसे हमखास एकच प्रश्न विचारतात : सोनाराच्या हाताखाली न बसता, घरच्या घरी, डाख द्यायला शिकता येते का? शिकता येते. मात्र विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा ज्योत असते आणि मला सांगावे लागते ते कानशीविषयी. म्हणून हे जरा विस्ताराने लिहीत आहे.

डाख म्हणजे सांधा जोडण्यासाठी वापरायचा, मूळ धातूपेक्षा कमी उष्णतेवर वितळणारा मिश्रधातू. बोलण्यात त्यालाच डागही म्हणतात, 'कळशीला डाग दिला' असे. अंगावरच्या दागिन्यालाही आपल्याकडे डाग म्हणतात आणि कपड्यावर पडतो तोही डागच. माझ्या पहिल्या वर्षात हे तिन्ही अर्थ एकाच वस्तूत नांदत असत.

पहिली चूक माझीच होती. घरात रेडिओ दुरुस्तीसाठी आणलेली शिसे आणि कथिलाची तार होती. ती १८३ अंश सेल्सिअसच्या आसपासच वितळते, त्यामुळे चांदीच्या तारेची टोके तिने सहज जोडली गेली आणि मी खूश झाले. आठवड्याभरात तो सांधा उकलला. तेव्हा तीच अंगठी, शिसे खरवडून न काढता, मी मोठ्या ज्योतीखाली धरली आणि तापलेल्या शिशाने चांदी अशी खाल्ली की सांध्याजवळ वाळवीने पोखरल्यासारखी भोके पडली. दागिन्याच्या पाटावर ती तार त्यानंतर पुन्हा आलेली नाही.

चांदीला चांदीचाच डाख लागतो. जुने कारागीर चांदीत पितळ मिसळून तो स्वतः तयार करत. आज पत्र्याच्या किंवा तारेच्या रूपात तो तयार मिळतो. विकत घेताना कॅडमियम नसलेला मागून घ्यावा. सराफी दुकानांवरच्या पाट्यांत 'केडीएम' हा शब्द तुम्ही वाचला असेल. त्यामागचा धातू तो हाच, आणि त्याची वाफ फुप्फुसांना फार घातक असते. ९२५ शुद्धतेची चांदी, म्हणजे हजार भागांत ९२५ चांदी आणि बाकी बहुधा तांबे, साधारण ८०० अंशांपुढे वितळू लागते आणि ९०० च्या सुमारास पूर्ण पातळ होते. कडक डाख वाहतो पावणेआठशेच्या जवळपास. म्हणजे डाख वाहणे आणि दागिना बिघडू लागणे यांत अंतर असते ते जेमतेम २५-३० अंशांचे, आणि ते मोजायला हाताशी डोळ्यांखेरीज काही नसते. म्हणूनच नवशिक्याने आधी तांब्याच्या जाड तारेवर हात बसवावा. तांबे १०८५ अंशांपर्यंत तग धरते आणि चूक पोटात घालते.

आता कानशीची गोष्ट. डाख फट भरून काढत नाही, हे समजायला मला सहा महिने लागले. तो केशाकर्षणाने आत ओढला जातो, आणि त्यासाठी दोन्ही टोके एकमेकांना चिकटून बसलेली असावी लागतात. तार वळवून झाली की सांधा खिडकीकडे धरून पाहावा. त्यातून उजेडाची बारीक रेघ जरी दिसली, तरी ज्योत पेटवू नये, कानस घ्यावी. एका अंगठीला माझी पाऊण तासाची कानस आणि दोन मिनिटांची आग लागते, आणि पाहायला आलेल्यांचा पहिल्या पंधरा मिनिटांतच हिरमोड होतो.

सांधा जुळला की टाकणखार (म्हणजे बोरॅक्स) घ्यावा आणि सहाणेवर गंध उगाळतो तसा थेंबभर पाण्यात उगाळून, दुधासारखा दाट झाला की कुंचल्याने सांध्याला लावावा. तापलेल्या चांदीतल्या तांब्याला हवेचा संपर्क होऊन काजळी धरते, ती हा थर थोपवतो. तिळाएवढा डाखाचा तुकडा सांध्यावर ठेवून लांबूनच ज्योत फिरवायला सुरुवात करावी, कारण पाणी उडू लागले की टाकणखार साबुदाण्याच्या पापडीसारखा फुगतो आणि घाई केली तर तीळ जागचा उडून पडतो. मग टाकणखार खाली बसतो, पांढरा दिसतो, आणि थोड्या वेळाने ओल्या काचेसारखा चकाकू लागतो. इथपर्यंत आल्यावर खोलीतला दिवा मंद असणे फार उपयोगी पडते, कारण चांदीवर येणारी मंद लाली भर उजेडात दिसतच नाही. तिळाची आधी गोळी होते, क्षणभर काहीच घडत नाही, आणि मग सांध्यावरून एक लखलखीत रेघ सरकन धावते. ज्योत त्याच क्षणी बाजूला घ्यायची. आणखी दोन सेकंद थांबलात तर सगळी अंगठी पाऱ्यासारखी झळाळते आणि तिचीच गोळी होते. अशा तीन गोळ्या मी एका डबीत जपून ठेवल्या आहेत.

सुरुवातीला मी ज्योत थेट डाखावर धरत असे, तेव्हा तो वितळून नुसता एका बाजूला गोळा होऊन बसे. आमच्या गल्लीतल्या एका वृद्ध सोनारकाकांनी एका दुपारी शेजारी बसून पाहिले आणि म्हणाले, "ताई, डाखाला आग दाखवू नका, दागिन्याला दाखवा." सगळ्या धातूंत चांदी सर्वांत वेगाने उष्णता वाहून नेते, एकाच जागी तापवले तर ती उष्णता अंगठीभर पळून जाते. म्हणून सगळी अंगठी गोल गोल तापवत न्यायची आणि शेवटी सांध्यावर यायचे; डाख जिकडे जास्त उष्णता असेल तिकडे स्वतःच धावतो.

सामान फार लागत नाही : लहान ब्युटेन टॉर्च, भट्टीची वीट, चिमटा, बारीक कानशी, सोनारी करवत. पुण्यात हे सारे रविवार पेठ आणि सोन्या मारुती चौकाच्या परिसरात एका फेरीत जमते. पंखा बंद ठेवावा, खिडकी उघडी ठेवावी, ओढणी किंवा नायलॉनची साडी नको, आणि पाण्याची बादली हाताशी असावी. काळवंडलेला दागिना फिटकरीच्या कोमट पाण्यात काही वेळ टाकला की पांढरा होतो. त्या पाण्यात लोखंडी चिमटा मात्र बुडवू नये, नाहीतर पाण्यात उतरलेले तांबे चांदीवर गुलाबी पुट बनून बसते. त्यासाठी वापरलेले भांडे स्वयंपाकघरात पुन्हा आणू नये, हे सांगायला नको. तरीही सांगते, कारण आमच्या घरी ते एकदा ताकासाठी निघाले होते.

शिकता येते असे ऐकल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "मग आमचे तुटलेले पैंजण जोडून द्याल का?" पैंजण हातात आले की मी आधी ते उलटे करून भिंगाखाली पाहते. जुन्या दुरुस्तीच्या जागी करड्या रंगाचा, नख लावले तर ओरखडा उमटणारा मऊ ठिपका दिसला, तर तिथे कोणीतरी शिसे वापरलेले असते आणि ज्योत लावली की माझ्या पहिल्या अंगठीचे झाले तेच होणार असते. असे पैंजण मी कागदात गुंडाळून परत देते आणि त्या ठिपक्याभोवती कागदावर पेन्सिलीने गोल काढून देते, म्हणजे सोनाराला कुठून खरवडायला लागायचे ते कळते.