श्रीखंडाच्या डब्यातलं कुवेत

फोर्टात जुन्या नोटा-नाण्यांचं एक दुकान आहे, तिथे मी कॅटलॉगचं काम करतो. म्हणजे आलेला माल भिंगातून बघायचा, पिनहोल म्हणजे टाचणीची भोकं मोजायची, प्रीफिक्स म्हणजे नंबराआधीचं अक्षर लिहायचं, फोटो काढायचे. गेल्या जुलैत एक दिवस पाऊस असा लागला होता की हार्बर ठप्प, शेठ घरीच अडकलेले, गिऱ्हाईक शून्य, आणि साडेअकराला गिरगावातल्या एक आजी नातवाचा दंड धरून आत आल्या. वय पंच्याऐंशीच्या पुढे. पिशवीतून श्रीखंडाचा रिकामा डबा काढला. आत स्टेपल मारलेल्या दहाच्या नऊ नोटा, लालसर, मागे शिडाचं जहाज.

मी लगेच हुशारी मारली, "आजी, या हजच्या नोटा, यात्रेकरूंसाठी छापायचे." आजी म्हणाल्या, "अरे, आमचे हे कशाला हजला जातील?" मग भिंग लावलं तर प्रीफिक्स 'झेड'. हजच्या नोटेवर 'एचए' असतं. म्हणजे या गल्फ रुपयाच्या नोटा! चांगलाच ओशाळलो, पण हात थरथरायला लागले ते वेगळ्याच कारणाने.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, १९५० च्या दशकात कुवेत, बहारीन, कतार सगळीकडे आपलाच रुपया चालायचा. लोक इथून रुपये तिकडे न्यायचे, तिथलं सोनं चोरून मुंबईत आणायचे, आणि ते रुपये परत आले की रिझर्व्ह बँकेला बदल्यात पौंड मोजावे लागायचे. म्हणून १९५९ मध्ये फक्त आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. सही रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर एच. व्ही. आर. अय्यंगारांची, म्हणजे आमच्या दुकानापासून चालत जाण्याच्या अंतरावरच्या ऑफिसातली. तेलाच्या विहिरींवर बसलेला देश आणि त्याचा खिसा मिंट रोडवर, आहे की नाही गंमत.

आजोबा कुवेतमधल्या अहमदीला तेल कंपनीत क्लार्क होते. डब्याच्या तळाशी त्यांची पत्रं, आजींनी चष्मा लावून मलाच वाचून दाखवली. १९६१ च्या एप्रिलमध्ये कुवेतने स्वतःचा दिनार काढला, एका पौंडाला एक, म्हणजे आपले १३ रुपये ३३ पैसे. पगार दिनारमध्ये यायला लागला म्हणून आजोबा खूश. मग १९ जून १९६१ ला इंग्रजांबरोबरचा १८९९ चा संरक्षणाचा करार संपला, देश स्वतंत्र. आणि सहाच दिवसांनी इराकचा पंतप्रधान कासिम जाहीर करतो की कुवेत आमचंच, आमच्या बसरा प्रांताचा भाग! आजोबांनी लिहिलं होतं की कॅन्टीनमध्ये सगळे रेडिओला चिकटलेत, डाळ-तांदूळ भरून ठेवलाय, तू काळजी करू नकोस. (हे वाचून कोण काळजी करणार नाही.)

अमीर अब्दुल्लांनी काय केलं, तर ज्यांना नुकता निरोप दिला त्याच इंग्रजांना बोलावलं. १ जुलैला सैनिक उतरले. आणि त्याची सोय स्वातंत्र्याच्या कागदातच होती, मागितली तर ब्रिटन मदत करेल अशी ओळ घालून घेतलेली. मी हे उत्साहात सांगत होतो तर आजी म्हणाल्या, "म्हणजे वेगळं बिऱ्हाड केलं आणि चोराच्या भीतीने पंधरा दिवसांत सासऱ्यांना झोपायला बोलावलं." नातू फिस्सकन हसला.

पण सासरे कायमचे ठेवून घेतले असते तर बाकीचे अरब म्हणाले असते हे कसलं स्वातंत्र्य, म्हणून कुवेतने त्याच जुलैत अरब लीगमध्ये जागा मिळवली, आणि ऑक्टोबरपर्यंत इंग्रज जाऊन सौदी, इजिप्त, सुदान, जॉर्डन वगैरेंचे सैनिक आले. यूएनमध्ये मात्र रशियाचा व्हेटो, तिथे प्रवेश १९६३ ला, कासिम गेल्यावर. त्याच १९६१ च्या डिसेंबरात अरब देशांना कर्ज द्यायला फंड काढला. मला विचाराल तर खरी हुशारी ती, सैन्य इवलंसं, पण ज्याच्या त्याच्या घरी मिठाई पोचली पाहिजे. पुढे इराण-इराक युद्धात टँकरवर हल्ले व्हायला लागले तेव्हा रशिया आणि अमेरिका दोघांकडे एकदम गेले, आणि १९८७ मध्ये ११ टँकरवर अमेरिकेचा झेंडा लावून घेतला.

"आणि तरी नव्वदला काय झालं?" आजींचा आवाज बदलला. मुलगाही तिकडेच लागला होता. २ ऑगस्टला इराकी घुसले, मुलाचा पत्ता नाही, आजी रोज कोणाच्या ना कोणाच्या घरी फोन आला का विचारायला जायच्या. शेवटी वाळवंटातून बसने जॉर्डनचं अम्मान, तिथून एअर इंडियाने मुंबईचा सहार विमानतळ. लाखाहून जास्त माणसं आणली तशी. मोज्यात दिनार लपवून आणले होते, ते इथे कोणी घेईना, आणि युद्ध संपल्यावर कुवेतने नोटाच बदलल्या. ते पण डब्यात होते, रबर लावून. आता कुवेत अमेरिकेबरोबरच्या संरक्षण करारावर आहे, १९९१ पासून, हे नातवाने मोबाईलवर बघून सांगितलं.

शेठना फोन लावला, लाल नोटांचा भाव ठरला, आजींनी दोनदा घासाघीस केली आणि दोन्ही वेळा जिंकल्या. शेठना पाकिटंही हवी होती, कारण एकावर शेख अब्दुल्लांचं तिकीट होतं, किंमत नये पैशांत. आजी म्हणाल्या, तिकीट काढून घे, पत्र देणार नाही. मी म्हटलं, पाकिटावरून काढलं की त्याला फारशी किंमत नाही राहत.

"मग राहू दे," म्हणाल्या, आणि नातवाला झाकण नीट लावायला सांगितलं, बाहेर पाऊस होता.