जन्मदाखल्यावरचं नाव

लग्न करायचं ठरलं तेव्हा इथल्या नगरपालिकेने माझा जन्मदाखला मागितला. इंग्रजी चालतं, पण त्यावर अपोस्टिलचा, म्हणजे परदेशात कागद ग्राह्य धरण्यासाठीचा सरकारी शिक्का हवा. मी नेदरलँड्समध्ये, उट्रेख्तला, जन्म मात्र आईच्या माहेरी, फलटणला. म्हणजे बाबांना वाईहून फलटणला जावं लागणार आणि उतरावं लागणार मामाकडे. आणि मामाला काहीच माहीत नव्हतं.

बाबा तेव्हा आठ महिने माझ्याशी बोलत नव्हते. फोन आई घ्यायची. ती माझ्या जोडीदारणीला 'तुझी रूममेट' म्हणायची, पण तिचा खोकला गेला का हेही विचारायची. मी आईला म्हटलं, दाखला लग्नासाठी हवाय, बाबांना खरं तेच सांग.

तिकडे सगळ्यांना वाटतं, नेदरलँड्समध्ये काय, सगळं सोपंच. कायद्याच्या बाबतीत खरंच सोपं आहे. १ एप्रिल २००१ ला, मध्यरात्र उलटताच, अ‍ॅमस्टरडॅमच्या महापौरांनी चार समलिंगी जोडप्यांची लग्नं लावली. जगात असं पहिल्यांदाच घडत होतं. पण माझी जोडीदारीण झीलंड प्रांतातल्या एका खेड्यातली. त्या भागात आजही रविवारी दोनदा चर्चला जाणारी घरं आहेत, आणि तिची आजी त्यांतलीच. इथे ५ डिसेंबरला, सिंटरक्लासच्या सणाला, प्रत्येकाला आपल्या नावाच्या आद्याक्षराचं चॉकलेट देतात. पहिली दोन वर्षं आजीकडून एकच अक्षर आलं, तिचं. मला कॉफी मिळायची, केक मिळायचा, प्रेमाने मिळायचा, पण अक्षर नाही. तिसऱ्या वर्षी ताटलीत दोन होती. आजी काही बोलली नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. ते अक्षर मी खाल्लंच नाही, अजून फडताळात आहे.

तर, बाबा फलटणला गेले. तिथे कळलं की माझ्या नोंदीत नावच नाही. आईचं आहे, वडिलांचं आहे, तारीख आहे, 'मुलगी' एवढं लिहिलंय आणि नावाचा रकाना कोरा. आपल्याकडे जुन्या नोंदींत हे सर्रास सापडतं. बाळ जन्मलं की नोंद व्हायची, बारसं नंतर, आणि नाव घालायला परत कोण जाणार? आता अर्ज, शाळा सोडल्याचा दाखला, पुन्हा चकरा. बाबांनी तीन केल्या. पहिल्या दोन वेळा कारकुनाने कशाला हवाय विचारलं तेव्हा 'मुलगी परदेशात असते, तिथे लागतो' एवढंच सांगितलं. तिसऱ्या वेळी मामा सोबत होता.

तिसऱ्या वेळी बाबा काय म्हणाले, ते आईने मला सांगितलं. म्हणाले, "मुलीच्या लग्नासाठी." मामाने बाहेर आल्यावर विचारलं, "मुलगा कोण?" मग बाबांनी त्याला स्टँडवर चहा पाजत सगळं सांगितलं. मामा घरी येईपर्यंत गप्प होता. अजूनही गप्पच आहे, त्याचा मला फोन नाही. त्याला वेळ लागेल, आणि तो घेण्याचा त्याला हक्क आहे असं मला मनापासून वाटतं. आम्हालाही स्वतःला कळायला वेळ लागलाच होता.

रात्री बाबांचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. दाखल्याचा. कोपऱ्यात त्यांचा अंगठा, आणि रकान्यात माझं नाव. मागोमाग फोन. आठ महिन्यांनी पहिला आवाज: "स्पेलिंग नीट बघ. पासपोर्टशी जुळलं पाहिजे." मग थांबून, "तिथला लग्नाचा कागद इथे चालेल का?"

मी म्हटलं, "नाही, बाबा."

त्यांना ते माहीत होतं. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला, तो निकाल त्यांनी दिवसभर टीव्हीवर बघितला होता. हे तेव्हा मला कोणी सांगितलं नव्हतं. मी इथे एकटीच तो बघतेय असं समजत होते.

"बरं," म्हणाले. "शिक्क्याचं मी बघतो." आणि फोन आईकडे दिला.

आईला पाकिटात हळदकुंकू आणि दोघींसाठी खण घालायचे होते. "तिचं नाव मराठीत कसं लिहायचं गं?" तिने विचारलं. मी सांगितलं. पहिली वेलांटी की दुसरी, हे तिने दोनदा विचारून घेतलं.