लोखंड जुनं चालेल, हेल्मेट नाही : आमची वाटचाल

आमच्या दुकानात एका भिंतीला रायडिंग जॅकेटं टांगलेली असतात आणि समोर कॉम्प्रेसर, वाइस, टूल ट्रॉल्या, रॅम्प असं सगळं लोखंड, त्यामुळे पहिल्यांदा येणारा माणूस दारातच विचारतो की ताई हे दुकान रायडरचं आहे का मेस्त्रीचं. दोघांचं आहे, गॅरेजची हत्यारं आणि बाइक चालवताना घालायचं सामान, जुनं-नवीन, इथं मिळतं. ज्याच्याकडे पैसे मोजकेच आहेत पण काम नीट करायचंय, नीट चालवायचंय, त्याचं आहे.

सुरुवात २०१६ ची. दादा चिंचवडला एका सर्व्हिस सेंटरमध्ये मेकॅनिक होता आणि मी भोसरी एमआयडीसीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये परचेस बघायची, म्हणजे दिवसभर कोटेशन मागवा, रेट पाडा, माल तपासून घ्या हेच काम. दादाला स्वतःचं गॅरेज टाकायचं होतं. मुद्रा योजना आदल्याच वर्षी, एप्रिल २०१५ मध्ये सुरू झालेली, शिशु म्हणजे ५० हजारांपर्यंत, किशोर म्हणजे त्यापुढे ५ लाखांपर्यंत, आम्ही किशोरमध्ये बसलो. पण सगळं नवीन घ्यायचं म्हटलं असतं तर जागेचं डिपॉझिट आणि सामान यातच लोन संपलं असतं आणि स्पेअर भरायला हातात काही उरलं नसतं. तेव्हा मी दादाला म्हटलं की तुला काय काय लागतं त्याची यादी दे, आणि त्या यादीत काय जुनं चालेल आणि काय नवीनच पाहिजे हे मला नीट सांग. ती यादी आम्ही दोघांनी बसून केली आणि आजही आमचा सगळा धंदा त्याच एका फरकावर चालतो.

मग बुधवार-रविवार जुना बाजार सुरू झाला. मंगळवार पेठेतला हा बाजार पुण्यातल्या लोकांना सांगायला नको, पण बरेच जण तिथं मजा बघायला जातात, खरेदीला जायचं तर सकाळी लवकर आणि काय बघायचं ते ठरवून जावं लागतं. पाना घेताना गंज बघू नका, गंज निघतो, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर लावून बाहेर मोकळ्या हवेत ठेवला (त्या पाण्यातून हायड्रोजन सुटतो, म्हणून बंद खोलीत नाही) तर रात्रीत निम्मं काम होतं. बघायचं ते पान्याचं तोंड. एक चांगला नवीन बोल्ट खिशात ठेवायचा आणि त्याच्यावर पाना बसवून बघायचा, खेळतोय असं वाटलं की तोंड फाकलंय, तो पाना तुमच्या गाडीचे बोल्ट गोल करणार. गोटी (सॉकेट) असेल तर आतले कोपरे बोटानं चाचपायचे. क्रोम व्हॅनेडियम (चांगल्या पोलादाचं नाव) असं कोरलेलं असेल तर बरं, पण ते काय कुणीही कोरतं, हातात वजन कळतं. नाशिकच्या टपारियाचे जुने पाने, जालंधरच्या कारखान्यांतले जुने फोर्ज केलेले पाने, हे असे मिळतात की अजून वीस वर्षं चालतील. वाइस (शिकंजा) घेताना पूर्ण उघडून बघायचा, स्क्रू किती ढिला आहे, जबडे एकमेकांना समांतर लागतात का, आणि मुख्य म्हणजे कुठं वेल्डिंग मारलंय का. बिडाच्या वाइसला तडा जाऊन वेल्डिंग केलेलं असेल तर फुकट दिला तरी घेऊ नका.

कॉम्प्रेसरचं मात्र वेगळं आहे आणि इथं मी जरा जास्त बोलणार, कारण गॅरेज टाकणारी पोरं सगळ्यात आधी जुना कॉम्प्रेसरच शोधतात. मोटर जळाली तर वाइंडिंग करून मिळतं, पिस्टनच्या रिंगा मिळतात, पट्टा मिळतो, व्हॉल्व्ह प्लेट मिळते, हे सगळं हजारा-दोन हजारांचे खेळ. टाकीचं तसं नाही. हवा दाबली की तिच्यातलं पाणी टाकीच्या तळाशी साचतं, ते रोज संध्याकाळी खालच्या कॉकमधून सोडायचं असतं, आणि आपल्याकडे ते फार थोडे लोक सोडतात, मग टाकी आतून सडते आणि बाहेरून रंग एकदम चकाचक. म्हणून आम्ही जुना कॉम्प्रेसर बघायला गेलो की पहिल्यांदा खालचा कॉक उघडतो. तांबडं घट्ट पाणी आलं की बोलणी तिथंच थांबतात. बरा वाटला तर आणून टाकीत पाणी पूर्ण भरून साधारण दीडपट प्रेशरला हायड्रो टेस्ट करून घेतो, पाणीच का तर पाणी दाबलं जात नाही, टाकी फाटली तर नुसती गळते, हवा असेल तर ती बॉम्बसारखी उडते. सेफ्टी व्हॉल्व्ह आणि प्रेशर गेज कायम नवीन बसवतो. आणि टाकीला ठिगळ मारून द्या म्हणून कितीही गिऱ्हाईक मागे लागलं तरी आम्ही देत नाही, यावरून चांगली चांगली गिऱ्हाइकं तुटली, तुटू दे.

टॉर्क पाना, म्हणजे ठरवलेल्या जोरालाच बोल्ट आवळायचा पाना, तो पण नवीनच. हे ऐकून मेस्त्री लोक सुरुवातीला हसायचे की हाताला कळतं आम्हाला. कळतं, मान्य आहे, पण एम-सिक्सचा (६ मिलिमीटरचा) बोल्ट ॲल्युमिनियममध्ये साधारण १० न्यूटन मीटरला बसतो आणि हात थकलेला असला की १० चे १६ कधी होतात कळत नाही, मग क्रॅंक केसचे, म्हणजे इंजिनच्या खोक्याचे, आटे जातात आणि हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवण्यात अर्धा दिवस. जुना टॉर्क पाना दिसायला छान असतो पण आधीच्या मालकानं त्यानंच जाम बोल्ट सोडले असतील, स्प्रिंग ताणून तसाच खणात टाकला असेल, तर तो आकडा एक दाखवतो आणि देतो दुसराच. काम झालं की सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा, आणि वर्षातून एकदा किंवा ५००० वेळा वापरला की कॅलिब्रेट करायचा, म्हणजे आकडा खरा आहे का ते तपासून घ्यायचं. महाग ब्रँडच पाहिजे असं काही नाही, साधा क्लिकवाला घ्या पण नवीन घ्या.

रॅम्पची, म्हणजे काम करायला गाडी वर उचलायच्या लोखंडी पाटाची, गोष्ट यापेक्षा सोपी. तयार रॅम्पचे रेट बघून आम्ही भोसरीतल्याच एका फॅब्रिकेटरकडून बनवून घेतला, चौकोनी पाइप, वर चेकर्ड प्लेट, खाली हायड्रॉलिक जॅक, आणि माझी एकच अट होती की वर गेल्यावर लोखंडी पिन आडवी बसली पाहिजे, गाडी जॅकच्या तेलावर उभी राहता कामा नये. दादाच्या गॅरेजमध्ये तो बघून दुसऱ्या मेस्त्र्यानं मागितला, मग तिसऱ्यानं, आणि तिथून मी नोकरी सोडून पूर्ण वेळ हेच बघायला लागले. पॅडॉक स्टँड, म्हणजे चाक अधांतरी ठेवणारा स्टँड, तो पण तिथेच बनवतो आम्ही.

गियर, म्हणजे हेल्मेट-जॅकेट हे अंगावरचं सामान, मागून आलं. गॅरेजला येणारी पोरं लोणावळा-ताम्हिणी करणारी, कुणी लडाखची तयारी करणारं, ते दादाला विचारायचे की बजेट दहा हजार आहे, काय घेऊ, आणि दादा मला फोन लावून द्यायचा. माझा क्रम तेव्हापासून तोच आहे, आधी हेल्मेट, मग ग्लोव्ह्ज, मग घोट्याच्या वर येणारे बूट, मग जॅकेट आणि नी गार्ड. पडताना माणूस आधी हात टेकवतो, म्हणून ग्लोव्ह्ज जॅकेटच्या आधी.

हेल्मेट आमच्याकडे सेकंड हँड मिळत नाही आणि आणलं तर घेतही नाही. आतला जो थर्माकोलसारखा थर असतो तो एकदाच दबण्यासाठी असतो, दबला की संपलं, आणि बाहेरून काही दिसत नाही. पैसे वाचवायचे तर नवीन हेल्मेटमध्येच वाचवा. १ जून २०२१ पासून आयएसआय नसलेलं दुचाकीचं हेल्मेट बनवणं आणि विकणं बेकायदेशीर आहे, तरी रस्त्याच्या कडेला अजून दिसतात, चिकटवलेला खोटा स्टिकर पण दिसतो. तेवढ्यासाठी तीनशे-चारशे घालवू नका, हजार-पंधराशेत आपल्याच कंपन्यांचं चांगलं फुल फेस येतं, बेळगावची वेगा आहे, फरिदाबादची स्टड्स आहे. ग्राफिक्स बदलले की जुन्या डिझाइनचा माल कमी भावात निघतो, शेल तेच, आतला थर तोच, फक्त चित्र मागच्या वर्षीचं, मी असा माल शोधून उचलते. घेताना आतल्या लेबलवर तयार झाल्याचा महिना-वर्ष वाचायचं. आणि मापाचं हेल्मेट गालाला दाबतं, पहिल्या दिवशी ढिलं आणि आरामशीर वाटतंय म्हणजे एक साइज मोठं आहे.

जॅकेट मात्र वापरलेलं चालतं, पण बघून. पुष्कळ जण उत्साहात घेतात, दोन ट्रिपा करतात, मग नोकरी बदलते, लग्न होतं, जॅकेट कपाटात. असं जॅकेट निम्म्या किमतीत मिळतं. खांदा आणि कोपराजवळची शिवण उलटून बघायची, घासल्याची खूण असेल तर ते एकदा पडलेलं आहे, सोडून द्या. मग आतले आर्मर, म्हणजे मार झेलणारे पॅड, काढून त्यावरचा शिक्का वाचायचा. कोपर-खांदा-गुडघ्याच्या आर्मरला ईएन १६२१-१ असं लिहिलेलं असतं (हा युरोपातला मानक नंबर) आणि लेव्हल १ किंवा २. लेव्हल १ म्हणजे चाचणीतल्या आघाताचं सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत बळ आत जातं, लेव्हल २ मध्ये २० पर्यंतच. पाठीचा वेगळा नंबर, १६२१-२, तिथं १८ आणि ९. स्वस्त जॅकेटमध्ये पाठीला बऱ्याचदा नुसता फोम असतो, कापून बसवलेला, शिक्का काही नाही. तो काढून खरा बॅक प्रोटेक्टर घातला की बाराशे-पंधराशेच्या खर्चात जुनं जॅकेट कामाचं होतं. आम्ही हेच करतो, जॅकेट धुऊन, चेन दुरुस्त करून, आर्मर तपासून, जे नाही ते नवीन घालून, आणि काय बदललं ते चिठ्ठीवर लिहून विकतो. परदेशी ब्रँडची फर्स्ट कॉपी ठेवत नाही, नाव मोठं आणि आत आर्मर प्लास्टिकचं, त्यापेक्षा साधं देशी बरं.

२०२० नं सगळंच हलवलं. मार्च अखेर लॉकडाऊन आणि १ एप्रिलपासून बीएस ६ हे धुराचे नवे नियम, म्हणजे गॅरेज बंद आणि उघडेपर्यंत नवीन गाड्या बहुतेक फ्युएल इंजेक्शनच्या. आमच्या ओळखीचे किती तरी मेस्त्री गावाला गेले, काहींनी सामान विकायला काढलं. तेव्हा भंगाराच्या भावात मागणारे खूप होते. आम्ही ठरवलं की किलोवर भाव करायचा नाही, वस्तूवर करायचा, आणि ज्याला परत यायचंय त्याचा हातपान्यांचा डबा विकत न घेता नुसता सांभाळायचा. माळ्यावर नावं लिहून डबे ठेवले होते, बरेचसे नंतर मालकांनी येऊन नेले. त्यातलेच लोक आज आमची कायमची गिऱ्हाइकं आहेत.

परत आलेल्यांना अडचण स्कॅनरची, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्राची, होती. सहा पिनचा सॉकेट असलेल्या गाडीला कोड वाचल्याशिवाय हात घालता येत नाही आणि मल्टिब्रँड स्कॅनर एका छोट्या गॅरेजला परवडत नाही. म्हणून आम्ही स्कॅनर भाड्यानं द्यायला लागलो, पुढे तेच मॅग्नेट पुलर, क्लच होल्डर, फोर्क सील ड्रायव्हर या खास हत्यारांचं केलं, महिन्यातून एकदा लागणारी वस्तू विकत कशाला घ्यायची. डिपॉझिट ठेवा, घेऊन जा, दुसऱ्या दिवशी आणा.

मोठा माल आता लिलावातून येतो. बंद पडलेल्या वर्कशॉपचे लॉट निघतात, सरकारी खात्यांचं जुनं सामान एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावात निघतं. बोली लावण्याआधी माल प्रत्यक्ष बघायला जायचंच, आणि बोलीत जीएसटी, टेम्पो, हमाली, क्रेन हे सगळं धरून आकडा काढायचा, नाहीतर स्वस्त वाटलेली लेथ दारात येईपर्यंत महाग होते. पिंपरी-चिंचवडच्या कुदळवाडीत आमचे ओळखीचे भंगारवाले होते, २०२५ च्या फेब्रुवारीत तिथली बांधकामं पाडली गेल्यावर ते चारी दिशांना पांगले, आता एकेकाला फोन करून माल कुठं आहे ते विचारावं लागतं.

सध्या दादाच्या मागे लागलेय ते इलेक्ट्रिक स्कूटरची कामं घेण्यासाठी. गॅरेजवाले विचारतात की जुन्या पान्यांना टेप गुंडाळून चालेल का. नाही चालणार. बॅटरीच्या कामाला १००० व्होल्टचा शिक्का असलेले इन्सुलेटेड पानेच लागतात, आणि ते आम्ही जुने घेणार नाही, कारण आवरणाला गेलेली बारीक चीर डोळ्यांना दिसत नाही. पाच-सहा गॅरेजवाल्यांची ऑर्डर एकत्र केली तर डीलर रेट कमी करायला तयार आहे, तीन जण तयार झालेत, अजून कुणाला पाहिजे असतील तर दुकानात येऊन नाव लिहून जा.