लांडगे शिकवायला गेलो आणि वर्गात अल्फा निघाला

नववीच्या वर्गाला लांडगे शिकवायचे म्हणून मी रात्री जागून स्लाईड्स वगैरे केल्या आणि पहिली स्लाईड लागायच्या आत मागच्या बेंचवरून आवाज, सर मी अल्फा! सगळे हसले. म्हटलं ठीके, स्लाईड्स राहू देत.

अल्फा म्हणजे काय विचारलं तर धडाधड उत्तरं, जो सगळ्यांना हरवतो, जो आधी खातो, ज्याला सगळे टरकतात. सगळं रील्समधून आलेलं. मग सांगितलं की ही कल्पना १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी प्राणिसंग्रहालयात कोंडलेले लांडगे बघून मांडली, आता छोट्या जागेत कोंडल्यावर भांडणं होणारच की. रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पोरं, बस. आणि भारी गोष्ट म्हणजे लांडग्यांचे अभ्यासक असलेल्या ज्या डेव्हिड मीच यांच्या १९७०च्या पुस्तकामुळे अल्फा जगभर पोचला तेच नंतर प्रकाशकाच्या मागे लागले की ते पुस्तक छापणं बंद करा. मागच्या बेंचवाल्याला विचारलं, मग तुझ्या घरी अल्फा कोण? "आई." विषय संपला.

पुढे यलोस्टोन, म्हणजे अमेरिकेतलं मोठं राष्ट्रीय उद्यान. तिथले लांडगे सरकारनेच मारून १९२६पर्यंत संपवले आणि १९९५-९६ मध्ये कॅनडातून ३१ आणून सोडले. मागच्या वर्षी मी हे अगदी सिनेमासारखं सांगितलं होतं, लांडगे आले, एल्क (झाडपाला खाणारी मोठी हरणं) कमी झाले, झाडं वाढली, नद्या सुधारल्या, टाळ्या. नंतर नीट वाचल्यावर लाज वाटली. एल्क कमी व्हायला अस्वलं, प्यूमा (एक मोठं रानमांजर) आणि पार्कबाहेर होणारी शिकार हीपण कारणं आहेत, आणि ओढ्यावर बांध घालणारे बीव्हर गेल्यामुळे जिथे ओढ्याचं पात्रच खोल गेलंय तिथे नुसते लांडगे आणून विलोची झुडपं परत येत नाहीत. यावेळी हे सगळं सांगितलं, पोरं जरा हिरमुसली पण प्रश्न मात्र दुप्पट आले.

शेवटी रोल प्ले. निम्मे मेंढपाळ, निम्मे वनखातं. मला वाटलेलं सगळे लांडग्याच्या बाजूने बोलतील, पण मेंढपाळ झालेली पोरं जाम चिडली, आमची कोकरं गेली त्याचं काय, भरपाई कधी देणार, तोवर आम्ही काय करायचं? वनखातं गप्प! तेव्हा मी राखणीच्या कुत्र्यांबद्दल आणि दोरीला लाल फडकी बांधून कुंपण करतात त्याबद्दल सांगितलं, लांडगे ती फडकी ओलांडायला बिचकतात. पण काही आठवड्यांनी त्यांची भीड चेपते.

यावर एक एरवी तोंड न उघडणारी मुलगी म्हणाली, "मग वर्षभर कशाला सर, कोकरं जन्मतात तेवढ्याच दिवसांत बांधायची ना." खरंच तशीच वापरतात ती, आणि हे मी सांगितलेलं नव्हतं.